हुंकारा

आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची, कोणीतरी हुंकारा द्यायचा. अमळनेरजवळ आमचं गाव, मे महिन्यात रात्री अकरापर्यंत धाबं, म्हणजे घराचं सपाट मातीचं छप्पर, तापलेलं असायचं, मग त्यावर पाणी मारायचं, गोधड्या टाकायच्या आणि आजी सुरू. प्रत्येक वाक्याला 'हं' पाहिजे म्हणजे पाहिजे. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली, आम्हाला वाटायचं आजी झोपली, पण ती अंधारात वाट बघत बसलेली असायची. आणि मधेच परीक्षा. राजा निघाला, हं, रस्त्यात नदी लागली, हं, नदीकाठी म्हैस चहा करत बसली होती, हं... की पाठीत धपाटा, "आयकस का झोपी गया?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदा कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, झाल्यावर आईने मला फोनवर असंच पकडलं. ती सांगत होती की भाऊबंदकीतले कोण आले, कोण रुसून बसले, रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू कोणी निवडले, आणि मी फोन स्पीकरवर टाकून त्याच फोनवर रील्स बघत होतो, आवाज बंद करून अर्थात, तेवढी अक्कल आहे. हं, हं, हो का, हं. मग ती म्हणाली, "आणि तुझे पप्पा घोड्यावर बसून धुळ्याला गेले." मी म्हटलं, "बरं झालं." दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग, "बरं झालं ना? ठेव फोन."

म्हैस चहा करत होती ती गोष्ट आईलाही माहीत आहे, हे मी विसरलो होतो.

खोटा हुंकारा लगेच कळतो. तो घड्याळासारखा पडतो, ठराविक वेळाने, एकाच सुरात. खरा ऐकणारा एवढा शिस्तीत नसतोच, तो कधी 'आं?' करतो, कधी 'मग?', कधी चार वाक्यं गप्पच बसतो आणि पाचव्याला 'अरे देवा'. पण उगाच दुसऱ्याला नावं नको ठेवायला, माझा स्वतःचा रोग आणखी वेगळा आहे, समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करतो. बायको म्हणते तुझ्याशी बोलणं म्हणजे शब्दकोडं सोडवणाऱ्याला मधेच उत्तर सांगण्यासारखं, फक्त तू उत्तर चुकीचं सांगतोस.

तीही काही कमी नाही म्हणा. ती सांगलीकडची, लग्नानंतर पहिल्यांदा गावी आली तेव्हा आमच्या काकूने मला दारातच धरलं, "कथा मरी गयथा रे इतला दिन?" म्हणजे, कुठे मेला होतास रे इतके दिवस? बायकोचा चेहरा पडला, तिला वाटलं भांडण लागलं. तिने शब्द ऐकले, काकूने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं होतं ते बघितलंच नाही. आमची अहिराणी बोली नुसती कानाने ऐकून भागत नाही बहुतेक.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता गाणी सुचायची आणि तोंडातून निघून जायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती ऐकून उतरवून ठेवली, बाई 1951 ला गेल्या आणि गाणी छापून आली 1952 मध्ये. मला नेहमी वाटतं, त्या घरात माझ्यासारखा एखादा असता तर? 'हो माहितीय आई, पुढचं माहितीय.' संपलं.

पप्पा रेल्वेत गेटमन होते. बोलणं मोजून. गाडी येणार असली की स्टेशन मास्तरचा फोन यायचा, पप्पा गेट लावायचे आणि मग नुसतं 'लावलं' म्हणून चालायचं नाही, प्रायव्हेट नंबर द्यावा लागायचा. दोन आकडी नंबर, त्याचं शीट असतं, एक वापरला की खोडायचा. "सत्तावन्न, पाच सात." तिकडे मास्तर तो लिहून घेणार, तेव्हा ते बोलणं झालं असं धरायचं. घरी पण आईने दळण आणायला सांगितलं की मी गमतीत विचारायचो, प्रायव्हेट नंबर दिला का?

रिटायर झाल्यावर पप्पांनी एकच गोष्ट धरली. थंडीची रात्र, कापसाची बैलगाडी, चाक नेमकं रुळाच्या फटीत अडकलं, गाडीची वेळ झालेली, मग पप्पा रेल्वेचे फटाके, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला धोका कळवणारे, घेऊन पळाले, ते रुळावर लावले, लाल बत्ती दाखवली आणि गाडी थांबली. मी ही इतक्यांदा ऐकलीय की पप्पा 'थंडीचे दिवस' म्हणाले की मीच 'हो, आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली' म्हणून मोकळा व्हायचो. हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. मला वाटलं वय झालं, विसरले.

या दिवाळीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर परत निघाली. ती पोटावर पडून, हनुवटी हातावर, आणि हुंकारा असा की आजी खूश झाली असती. गाडी थांबली. मी उठायलाच लागलो होतो, तर ही म्हणते, "मग बैलांचं काय झालं?"

इतक्या वर्षांत कोणी बैलांचं विचारलंच नव्हतं.

एक बैल खाली बसला तो उठेचना, पप्पा सांगायला लागले. चाक निघालं, गाडी गेली, तरी तो बसलेलाच, आणि शेतकरी त्याच्या मानेला मिठी मारून. मग पप्पा पण तिथेच खाली बसले, कारण त्यांचे पाय धरत नव्हते. सकाळी ड्युटी संपवून घरी आले, हात कापत होते, चहाची बशी धरवेना म्हणून चहा प्यायलेच नाहीत, तसेच पडून राहिले.

आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मला कधी बोलले नाही हे."

"तू झोपेल होती," पप्पा म्हणाले.

आईने मेथीची जुडी फिरवली. "जागीच होती मी."