अळीचा वाटा

डिसेंबर २०१७. यवतमाळ जिल्ह्यात मी कृषी सहायक होतो आणि गुलाबी बोंडअळीचे पंचनामे चालू होते. शेतात जायचं, बोंडं तोडायची, फोडायची, किडकी मोजायची. बोंड वरून हिरवंगार, धड. फोडलं की आत अळी सरकीला लागलेली आणि कापूस पिवळा पडून चिकटलेला. ती एकदा आत शिरली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. तरी लोक फवारत राहिले. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

दुपारी एका सत्तरीच्या आजींच्या वावरात पोचलो. चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वीस बोंडं फोडली, सतरा किडकी. कागदावर अंगठा दिल्यावर आजी म्हणाल्या, "साहेब, कोठ्यात या जरा. काही दाखवाचं हाये."

खुंटीला युरियाची जुनी थैली टांगलेली होती. आत नॉनबीटीच्या, म्हणजे साध्या कपाशीच्या बियांच्या पुड्या, एकही न फोडलेली. किती वर्षांच्या, कोण जाणे. काहींवरची अक्षरं उडाली होती. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष अंगातच असलेली, जनुक बदललेली कपाशी. तिच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत तेव्हा ही १२० ग्रॅमची पुडी येत असे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासूनच शेताच्या कडेनं साध्या कपाशीच्या ओळी लावायची अट होती.

"दुकानदार म्हने, फेकून द्या. पन बी हाये ना बापा, बी कसं फेकाव? हे देतेत तरी कायले?"

मी सांगितलं. साध्या कपाशीवर वाढलेल्या अळीला बीटीचं विष सोसत नाही. बीटीवर एखादी विष पचवणारी निघालीच, तर तिच्या पतंगाची जोडी या साध्या पतंगाशी जमते आणि पुढची पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतात. साध्या अळ्याच ठेवल्या नाहीत, की पचवणाऱ्यांच्या जोड्या आपसांतच जमतात. त्यात ही अळी कपाशी सोडून दुसऱ्या पिकावर फारशी जगत नाही, म्हणून तिच्यासाठी कपाशीच राखावी लागते.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हा अळीचा वाटा होता. आमी सीतादहीच्या पूजेले वावरात दहीभात शिंपतो, तसा. मंग तसं सांगाचं ना साहेब!"

मला उत्तर देता आलं नाही. पाच-सहा वर्षं गावोगाव मी 'कडेच्या ओळी लावा' म्हणत फिरलो होतो. त्या कुणासाठी, हे एकदाही बोललो नव्हतो. माझे वडील जेवणाआधी पहिला घास ताटाबाहेर काढत. त्या घासाची आणि या पुडीची सांगड मला कधी घालता आली नाही, ती आजींनी उभ्याउभ्या घातली.

जनुक बदलणं हेच पाप, असं मी मानत नाही. मातीतल्याच एका जिवाणूचा गुण कपाशीत आला आणि सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पण शिवारातला दाणा न् दाणा माझाच, दुसऱ्या जिवाला त्यात कणभरही नाही, या हट्टाला मी अधर्म म्हणतो. बीटी वांग्यावरून देशभर वाद झाला, २०१०मध्ये त्याला स्थगिती मिळाली. सरकीचं तेल मात्र आपण केव्हापासून खातो आहोत आणि ढेप गाईपुढे ठेवतो आहोत. कापूस म्हणजे अन्न नव्हे, असं म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

"आता लावलं तं निघन का?" आजींनी पुडी पुढे केली.

"आता नको, आजी. आता लावली तर अळीला उन्हाळाभर खायला मिळेल. ही पऱ्हाटीही लवकर उपटा, वेचणीनंतर पाणी देऊन फरदडीचं पीक घेऊ नका. जूनमध्ये नव्या पाकिटातली लावा. आणि ही जुनी गुरांना घालू नका, औषध चोळलेलं बी आहे."

जूनमध्ये पेरणी झाल्यावर मी मुद्दाम गेलो. आजी धुऱ्यावर उभ्या होत्या. "मोजून घ्या," म्हणाल्या. चारही बाजूंनी पाच-पाच ओळी. परतताना नाल्यात शेजारच्या वावरांतल्या पुड्या पडलेल्या दिसल्या, न फोडलेल्या.