हौद्यातली कोथिंबीर

दुपारी जेवण झालं की पणजीच्या अठरा जून रस्त्यावर एक चक्कर मारायची माझी सवय आहे. ऑफिसात सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. खरं तर मला गाड्या बघायच्या असतात.

परवा तिथे डबल केबिनची एक इसुझू पार्क होत होती. सव्वापाच मीटरांहून लांब धूड आणि रिकामी जागा जेमतेम एका आल्टोची. मालक मागे-पुढे, मागे-पुढे करून घामाघूम झाला, मागे हॉर्नचा गजर. शेवटी गाडी कशीबशी बसली, तो उतरून गेला आणि मी सवयीप्रमाणे हौद्यात डोकावलो. चकचकीत काळा हौदा, एक ओरखडा नाही. त्यात कोथिंबिरीची एकच जुडी. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लोळून लोळून तिचा पार भुगा झालेला.

हसू आलं, पण अर्ध्यावरच थांबलं. कारण गेले काही महिने मीही जुनी पिकअप शोधतोय.

आमचं प्रियोळला थोडं कुळागर आहे. थोडं म्हणजे पोफळी, माड, केळी आणि पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. नोकरी पणजीत. जाताना डबा आणि छत्री, येताना कधी पेंडीचं पोतं, कधी खत, कधी पाइपांची जुडगी. आजवर हे सगळं स्कूटरवर पायांत धरून आणलं. आता गुडघे ऐकत नाहीत, आणि गोव्याच्या पावसात रेनकोट हा केवळ मनाचा दिलासा असतो. बायको म्हणाली, सरळ कार घ्या. कारमधून शेणखत? तिनेच पुढचं बोलणं बंद केलं.

पिकअप घ्यायची म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नाही. सगळ्यात ठाम सल्ला भावोजींचा. "घेतोस तर बोलेरो घे. अडीच हजार सीसी. गाडीत दम पाहिजे रे!"

"एवढा दम कशाला, भावोजी?"

"अरे, उद्या चिरे आणायचे झाले तर?"

आमच्याकडे शेवटचे चिरे आले ते न्हाणीघर बांधताना. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पण भावोजींपुढे हे बोलायची सोय नाही. ते डिचोलीचे, खाणींच्या भरभराटीत त्यांचे स्वतःचे टिप्पर होते. ताकद म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलंय. मी काय पाहिलंय? मॅटाडोर.

लहानपणी आमची केळी फोंड्याच्या बाजारात जायची ती शेजारच्या काकांच्या मॅटाडोरमधून. पहाटे अंधारात घड भरायचे, मध्ये सुकी पानं अंथरायची, आणि सगळं भरून झालं की उरलेल्या जागेत मला. आज मालाच्या गाडीत असं पोर बसवलं तर दंड होईल, आणि व्हायलाच हवा. तेव्हा मात्र त्या जागेसाठी मी आदल्या दिवशीपासून शहाण्यासारखा वागायचो. डिझेलचा वास आणि पिकायला लागलेल्या केळ्यांचा वास एकत्र आला की मला अजूनही फर्मागुडीचा चढ आठवतो. तिथे मॅटाडोर अशी काही धापा टाकायची की काका स्टिअरिंगवर पुढे झुकायचे, जणू तेवढ्याने तिचं ओझं हलकं होणार होतं. क्लीनर उडी मारून उतरायचा आणि मोठा दगड हातात धरून मागच्या चाकाबरोबर चालायचा. गाडी थांबली की दगड चाकामागे. दगड ठेवायची वेळ कधी येते, याची मी वाट बघत बसायचो. बहुतेक वेळा यायचीच नाही. गाडी रडतखडत का होईना, चढायची, आणि माथ्यावर क्लीनर तो दगड टाकून न देता पुन्हा आत ठेवायचा. परतीला तोच दगड माझ्या पायाशी असायचा.

तर कमी ताकदीच्या गाड्यांबद्दल माझं मत तिथेच बनलं असावं.

माझा रोजचा रस्ता तरी कुठला? म्हार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुने गोवे. भोमला रस्ता जवळजवळ घरांच्या अंगणातूनच जातो. बाणस्तारीला पुलाच्या अलीकडेच रांग लागते. आणि मी बगलरस्ता सोडून मुद्दाम रायबंदरवरून जातो. का ते विचारू नका. तिथला पोर्तुगीजांचा तो लांबच लांब पूल 1634 सालचा, तीन किलोमीटरांहून जास्त, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पुढे बस असली की ओव्हरटेक करणं विसरायचं. मागे सातशे सीसी असो नाहीतर अडीच हजार, सगळ्यांना बसच्या मागची तीच जाहिरात वाचत जायचं. फरक एवढाच, की रांगेत घुरघुरत उभं असताना मोठं इंजिन आपले ते मोठाले पिस्टन नुसते हलते ठेवायलाच जास्त डिझेल पितं. हौद्यात टन आहे की डबा, त्याला काय पडलंय!

म्हणून माझं मन छोट्या हत्तीवर, म्हणजे टाटा एसवर. 2005 मध्ये पुण्यात ही गाडी आली, तेव्हा टाटांनी इंडिकाचं चौदाशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन अर्ध्यावर आणून तिला बसवलं. दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 अश्वशक्ती. निम्मं इंजिन घेऊन अख्खा धंदा उभा करायचा, हे मला फार आवडतं. दोष आहेतच. इंजिन सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात खालूनही उन्हाळा. उभी असताना अशी थरथरते की डब्यातला चमचा वाजतो. कुंडईच्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागेल. टाकू. मधला मार्गही आहे, अशोक लेलँडचा दोस्त, तीन सिलिंडरचा, 1478 सीसी. पण मधला मार्ग काढला की दोन्हीकडचे लोक नावं ठेवतात, हे मी ऑफिसात पुरेसं पाहिलंय.

बायकोने विचारलं, पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला लायसन वेगळं लागतं ना? म्हटलं, नाही. साडेसात हजार किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं चालतं, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय. एवढी मोठी माणसं माझ्या बाजूने आहेत हे ऐकून ती जरा नरमली. गाडीच्या फिटनेस तपासणीचं मात्र मी सांगितलं नाही. गाडी आठ वर्षांच्या पुढची असली की ती दरवर्षी करावी लागते.

जुनी गाडी बघायला जाताना मेस्त, म्हणजे मेकॅनिक, बरोबर हवाच. आमचा मेस्त कमी बोलतो. मालक गाडीचे गुण सांगत असतो तेव्हा हा गुपचूप इंजिनावर हात ठेवून बघतो. गरम लागलं तर समजायचं, थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं म्हणून आधीच तापवून ठेवलंय. मग खाली वाकून स्प्रिंगचे पाटे मोजतो. कंपनीने दिले त्याहून एखादा जास्त निघाला, की या गाडीने आयुष्यभर चिरेच ओढले. पहिली गाडी बाहेरून नव्यासारखी होती, नुकताच रंग मारलेला. मेस्तने फाळका खाली पाडला, हौद्याच्या कोपऱ्यातली रबराची चटई उचलली आणि नाक पुढे केलं. माझंही आपोआप झालं. बांगडे! नक्की बांगडेच. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं झिरपून पत्र्याचा पापुद्रा झालेला. मेस्तने स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. "इंजिन बरें आसा," तो म्हणाला, "पूण ताचे भोंवतणी गाडी ना."

दुसरी गाडी डिचोलीत होती, म्हणून भावोजी आले. एका फर्निचरवाल्याची, 2014 ची एस. पाटे जेवढ्यास तेवढे, इंजिन थंडगार, किल्ली फिरवल्यावर जरासा काळा धूर आणि मग पांढराही नाही, निळाही नाही. मेस्तने मान हलवली. मला वाटलं, आता भावोजी दमाचं काढतील. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला कुठे पुरणार ही, असं तरी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, दोन फेऱ्या होतीलच.

भावोजी काही बोलले नाहीत. अंगणाच्या कडेला उभे राहून सिगरेट ओढत होते. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. तेव्हा या भागात रस्त्याच्या कडेला टिप्परांच्या रांगा लागल्या होत्या, चाकांतून वेली वर चढलेल्या. खाण थांबली, हप्ते थोडेच थांबतात! ताईने तेव्हा बांगड्या मोडल्या, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही तिच्याकडून नाही.

"कर्ज किती काढतोयस?" त्यांनी विचारलं.

"नाही काढत. साठवलेत तेवढ्यातच बसते."

"मग घे," म्हणाले, आणि समोरच्या हॉटेलात चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.