घरचा पत्ता घरातून लागत नाही

आपल्याच घरात बसून आपल्याच घरचा पत्ता टाकला की घर सापडत नाही, असला प्रकार फक्त राउटरच करू जाणे. आमच्याकडे जुळे सोलापुरात टेबलाखाली एक जुना सीपीयू पडलाय, त्याच्यावर जेलीफिन नावाचं, नेटवरून व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून त्याचाच सर्व्हर केलाय आणि घरचे सगळे व्हिडिओ त्याच्यात, गड्ड्याच्या यात्रेतली सात नंदीध्वजांची मिरवणूक, लग्नं, बारशी, सगळं. राउटरमध्ये ८०९६ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या नंबरच्या दारावर कोणी आलं की सर्व्हरकडे पाठव असं सांगितलं, पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून दिसणारा घरचा पत्ता, मित्राला पाठवला, तो पुण्यात, त्याचा लगेच फोन, "दिसलालंय की बे, तू काय करलालास तिकडं?" आणि मी इकडं सर्व्हरपासून चार फुटांवर बसून तोच पत्ता टाकतोय तर पान नुसतं फिरतंय. पोर्टचा आकडा काढून नुसता आयपी टाकला तर राउटरचंच लॉगिन पान उघडलं, म्हणजे बघा.

तर होतं काय की तो पब्लिक पत्ता सर्व्हरचा नसतोच, तो राउटरच्या बाहेरच्या तोंडाचा असतो. आतल्या सगळ्यांना १९२.१६८ वाले पत्ते, आणि ते सोलापुरातल्या निम्म्या घरांत तेच असणार, कारण हे आकडे नव्वदच्या दशकातच खाजगी वापरासाठी बाजूला काढून ठेवलेत. बाहेरून कोणी आलं की राउटर पत्ता बदलून (ह्या बदलण्यालाच नॅट म्हणतात) त्याला आत १९२.१६८.१.२० कडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवतो. आतून कोणी बाहेरच्या पत्त्यावर निघालं तर त्याला तिथल्या तिथं वळवून परत आत आणावं लागतं, ह्याला हेअरपिन नॅट म्हणतात, लूपबॅक पण म्हणतात, आणि इंटरनेट कंपनीकडून फुकट मिळणाऱ्या राउटरांपैकी बऱ्याच जणांना ते जमत नाही.

बरं, नुसतं वळवूनही भागत नाही, खरी गंमत पुढेच आहे. समजा राउटरने माझ्या लॅपटॉपची मागणी वळवून सर्व्हरला दिली. सर्व्हर बघतो, विचारणारा तर घरातलाच, मग राउटरला कशाला मध्ये घ्या, आणि थेट लॅपटॉपला उत्तर देऊन टाकतो. लॅपटॉप म्हणतो मी तुला विचारलंच नव्हतं, मी त्या बाहेरच्या पत्त्याला विचारलं होतं. वाड्याच्या पुढच्या दारावर कडी वाजवावी आणि "कोण हाय?" मागच्या न्हाणीतून यावं, तसं. उत्तर बरोबर असूनही तो ते टाकून देतो. म्हणून राउटरला विचारणाऱ्याचा पत्ता पण बदलावा लागतो, म्हणजे सर्व्हरला वाटावं की राउटरच विचारतोय. जिथं हे नीट चालतं तिथं सर्व्हरच्या लॉगमध्ये घरातला प्रत्येक माणूस १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरचा आतला पत्ता, म्हणूनच दिसतो. आई काय आणि पाहुणा काय, सगळे एकच.

मुळात हे सगळं कशामुळं, तर आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, पत्ते फक्त ४२९ कोटींच्या आसपास. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे २०१२ मध्ये वेगळे काढले गेले. राउटरच्या स्टेटस पानावर असा आकडा दिसला तर पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा, कारण तुमच्या दाराच्या बाहेर अजून एक दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही. कस्टमर केअरला फोन केला तर ते आधी राउटर बंद करून चालू करायला सांगणार, मग स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचे जादा पैसे.

आमच्याकडचा उपाय साधा. आयपी पाठ करायचाच नाही, नाव वापरायचं. घरातल्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्याला, सांगून ठेवलं की हे नाव विचारलं तर १९२.१६८.१.२० सांग, बाहेरच्यांना पब्लिक पत्ता मिळतोच. एकाच नावाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. आईच्या फोनवर मात्र चालेना, कारण तिच्या अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू, म्हणजे फोन नावाचा पत्ता बाहेरच्याच डीएनएसला विचारत होता, घरच्याला विचारतच नव्हता. "अगं हे बंद कर" म्हटलं तर, "मी कशाला हात लावलाच नाही," हे ठरलेलं उत्तर.

आणि बाहेरून लागतंय का हे बघायचं असेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघायचं, नाहीतर चालू असलेली गोष्ट दुरुस्त करत बसाल. अर्थात पत्ता एकदा उघडा केला की मित्रच येतो असं नाही, अनोळखी बॉट्स, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दारं वाजवत फिरत असतात, त्यामुळं पासवर्ड लांबलचक, आणि फक्त आपल्याच लोकांसाठी असेल तर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी बोगदा (व्हीपीएन), बरं असं माझं मत.

एप्रिल-मेमध्ये लाइट गेली की हे सगळंच बंद. परत आली की राउटर नवीन पब्लिक पत्ता घेऊन उठतो, तो डायनॅमिक डीएनएसला, म्हणजे आपल्या नावापुढचा बदललेला पत्ता नोंदवून घेणाऱ्या सेवेला, जाऊन कळवतो, आणि तेवढ्या वेळात पुण्याहून दादाचा आईला फोन आलेला असतो, "लाइट गेली होती काय गं तिकडं?"