मिठाने एक रंग रेंगाळतो, दुसरा लवकर उडतो

जेंशन व्हायोलेट या रंगद्रव्याचा जांभळा रंग कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) विरळ द्रावणात हळूहळू उडतो आणि त्यात शुद्ध सोडियम क्लोराइड घातल्यास अधिक वेळ टिकतो, हे मागील नोंदीत आले आहे. या खेपेस जोडीला फिनॉल्फथॅलीन हे अल्कलीत गुलाबी होणारे दर्शक घेतले. त्याचा गुलाबी रंगही तीव्र अल्कलीत नाहीसा होतो. मात्र मीठ घातलेल्या परीक्षानळीतला रंग आधी गेला.

दोन्हीकडे मीठ खर्च होत नाही. जांभळा आयन धनभारित आणि त्याचा रंग घालवणारा हायड्रॉक्साइड आयन ऋणभारित असल्याने त्यांच्यात आकर्षण असते, आणि भोवती सोडियम-क्लोराइडची दाटी झाली की ते झाकोळते. गुलाबी आयनावर दोन ऋणभार असल्याने तिथे झाकोळते ते प्रतिकर्षण. ब्रॉन्स्टेड आणि बियेरम या रसायनशास्त्रज्ञांच्या सूत्रानुसार 25 अंश सेल्सिअसला वेगस्थिरांकाच्या (अभिक्रियेचा वेग दाखवणाऱ्या आकड्याच्या) लॉगॅरिदममधील बदल म्हणजे 1.02 गुणिले दोन्ही भारांचा गुणाकार गुणिले आयनिक स्ट्रेंग्थचे (द्रावणातील आयनांचे प्रमाण आणि भार यांवरून येणाऱ्या मापाचे) वर्गमूळ. हा गुणाकार जांभळ्यासाठी उणे 1, तर गुलाबीसाठी अधिक 2 येतो. अर्थात 0.01 मोलरच्या पुढे हे सूत्र सैल पडू लागते, म्हणून 0.1 मोलर मिठाच्या निकालातून मी केवळ दिशा वाचतो, आकडा नाही.

मिठाऐवजी तितकेच मोल सोडियम सल्फेट घेतले, तर आयनिक स्ट्रेंग्थ तिप्पट भरते. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चौपट देईल, पण अल्कलीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा गढूळपणा येतो आणि रंग मोजणेच खुंटते. कोल्हापुरातल्या नळाच्या पाण्यातील बायकार्बोनेट अल्कली खाते, म्हणून बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटरच बरे. दुपारच्या उन्हाचा त्रास मात्र खरा आहे: तापमान दोन अंशांनी चढले तरी वेगात साधारण 15 टक्क्यांचा फरक पडू शकतो आणि मिठाचा परिणाम त्यात बुडतो. त्यामुळे सर्व नळ्या पाण्याच्या एकाच टबात उभ्या असतात. कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

पुढे आम्लातील साखरेचे विघटन घेणार आहे. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी याच अभिक्रियेचा वेग मोजला होता, आणि आपल्या गुऱ्हाळांत रसात चुना घालून आम्लता उतरवतात ती हेच विघटन रोखण्यासाठी. साखर भाररहित असल्याने सूत्र मिठाचा परिणाम शून्य सांगते, पण दाट मिठात ही अभिक्रिया प्रत्यक्षात वेगावते. हायड्रोजन आयनाची सक्रियता (प्रत्यक्षात प्रभावी ठरणारे प्रमाण) तिथे कशी बदलते, तेच तपासायचे आहे.