साखर विरघळायलाच नको आहे

घरी शॅम्पेन कॉकटेल केलं की ग्लास हातात घेणारा हमखास विचारतो: साखर तर विरघळतच नाही, मग टाकता कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

ती लगेच विरघळायला नकोच आहे. शुगर क्यूबवर अँगोस्टुरा बिटर्स (मसाल्यांचा कडवट अर्क) शिंपडायचे, तो तपकिरी झाला की ग्लासच्या तळाशी सोडायचा. त्यावर थोडी कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, आणि मग थंडगार ब्रूट (अगदी कमी गोड) शॅम्पेन, ग्लास तिरपा धरून, सावकाश. क्यूबच्या खडबडीत अंगावर बुडबुडे धरतात आणि तळापासून त्यांचा बारीक सर वर चढत राहतो. पहिला घोट कोरडा लागतो, शेवटचा गोड. सगळी गंमत या फरकात आहे.

एका वाढदिवसाला वयाने मोठ्या पाहुण्यांनी ग्लासात डोकावून पाहिलं. "अगं, साखर तशीच राहिली की!" मी 'थांबा' म्हणेपर्यंत चमचा आत गेलाही होता. बंद बाटलीत शॅम्पेनवर हवेच्या दाबाच्या सुमारे 6 पट दाब असतो. बूच उघडल्यावर वाइनमध्ये विरघळलेला वायू जेमतेम टिकून असतो, त्यात साखरेचे कण घुसळले की दुसरं काय होणार? फेस काठावरून उतरला, मनगटावरून थेट बाहीत. उरलेला घोट घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "यात काही दम नाही. पुढच्या वेळी पिठीसाखर घाल." पिठीसाखर! तिने तर आणखी उसळलं असतं. त्यांचं पाहून आणखी दोघांनी चमचे मागितले आणि मी ते हसत आणून दिले. ते हसणं मला अजून डाचतं.

तरी खरं सांगते, माझी बाजू वाटते तितकी भक्कम नाही. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या 1862 च्या पुस्तकात हेच कॉकटेल आहे. साखर, बिटर्स, लिंबाची साल, फोडलेला बर्फ, वर शॅम्पेन, आणि पुढे चक्क 'नीट हलवा' अशी सूचना! पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं, हे माझं नशीब.

त्या कृतीत कोन्याकही नाही. चांगल्या वाइनमध्ये ब्रँडी ओतणं हा अडाणीपणा आहे, असं पूर्वी मीच ठणकावून सांगायचे. आता घालते, कारण तिच्याशिवाय पेय पातळ लागतं. पण बाटली खरंच चांगली असली की हात आखडतो, आणि मग वाटतं, तेव्हाचंच बरोबर होतं की काय.