अब्बांवर काय बाकी होतं?

अब्बा गेल्यावर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा मी भावंडांना म्हणाले, आधी अब्बांवर काय बाकी आहे ते बघू. आम्ही हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार फिकहांपैकी (धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी) एकीचे, म्हणून मसले, म्हणजे शरियतचे प्रश्न, त्याच फिकहप्रमाणे विचारले.

क्रम ठरलेला आहे: कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग उरलेल्यातल्या एक तृतीयांशापर्यंत वसियत, शेवटी वारसांचे हिस्से. सूरह निसाच्या 11व्या आणि 12व्या आयतीतही हिस्से वसियत आणि कर्ज यांच्यानंतरच सांगितले आहेत.

कर्जात सगळ्यात मोठा निघाला अम्मीचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. निकाहात ठरला, पण हातात कधी पडलाच नाही. अम्मी म्हणाली, "इतकी वर्षं मागितला नाही, आता काय घेऊ?" मुफ्तीसाहेबांनी (शरियतचे मसले सांगणाऱ्या आलिमांनी) सांगितलं, न मागितल्याने मेहर माफ होत नाही, तुम्ही राजीखुशीने सोडलात तरच सुटेल. तो आधी तिच्या हाती दिला. वारस म्हणून तिचा आठवा हिस्सा त्याच्यानंतर, वेगळा. विधवेला आठवा हिस्सा देऊन मेहर त्यातच जिरवतात, तेव्हा तिचा हक्क मारला जातो. हे मी प्रत्येक घरात बोलून दाखवणार आहे.

मग अल्लाहचे हक्क. अब्बांनी राहिलेल्या नमाजा आणि रोजे वहीत टिपून फिदयाची (त्यांच्या बदल्यात गरिबांना द्यायच्या दानाची) वसियत केली होती, म्हणून एक तृतीयांशातून तो देणं आमच्यावर आलं. एका रोज्याचा एक फिदया, सदका-ए-फित्राइतका, म्हणजे रमजान ईदला गरिबांना देतात त्या ठरावीक दानाइतका. नमाजेचे मात्र दिवसाला सहा, कारण पाच फर्ज (सक्तीच्या) नमाजांबरोबर रात्रीची वित्र नमाज वाजिब, म्हणजे जवळपास फर्जाइतकीच सक्तीची आहे, तिचाही धरावा लागतो. शेवटच्या आजारातले रोजे मुफ्तीसाहेबांनी यादीतून काढायला लावले. त्यातून अब्बा उठलेच नाहीत, कजा करायची (ते नंतर भरून काढायची) सवडच मिळाली नाही, तर फिदयाही नाही. ते ऐकून अम्मी खूप रडली; त्या रोज्यांचा घोर तिला लागला होता.

हजवर आम्ही अडलो. अब्बांवर तो फर्ज झालेला, पण त्याची वसियत नव्हती. शाफई मसलकात (सुन्नींच्या दुसऱ्या एका फिकहात) अशा वेळी हजचा खर्च मालमत्तेतूनच निघतो. हनफीत वसियतीशिवाय वारसांवर बंधन नाही. खुशीने केलं तर चालतं. धाकटा भाऊ नाबालिग आहे, त्याच्या हिश्श्याला हात लावता येत नाही. बाकीच्यांनी आपापल्या हिश्श्यातून पैसे काढले. थोरल्या भावाचा स्वतःचा हज झालेला आहे, म्हणून हज्जे-बदलला (दुसऱ्याच्या वतीने करायच्या हजला) तोच जाईल आणि एहराम बांधताना, म्हणजे हजची सुरुवात करताना, नीयत अब्बांच्या वतीने करेल.