सापाला जेवण टाकीतच देते, डब्यात नाही

पहिली दीड वर्षं मी गोळूला जेवायला वेगळ्या डब्यात ठेवायचे. गोळू म्हणजे माझा बॉल पायथन जातीचा साप, घाबरला की डोकं मध्ये घालून गच्च गोळा होतो म्हणून गोळू. तो आणला तेव्हा ज्याने त्याने मला एकच सांगितलं होतं, टाकीत, म्हणजे तो राहतो त्या पेटीत, कधी खायला देऊ नकोस, नाहीतर नंतर पाणी बदलायला हात घातलास तरी त्याला वाटेल खाणं आलं आणि चावेल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, मलाही पटलं. मग दर दहा-बारा दिवसांनी ठरलेलं काम, झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा काढायचा, गोळूला उचलून त्यात ठेवायचं, उंदीर द्यायचा, झाकण लावायचं आणि खाऊन झालं की परत उचलून टाकीत.

अर्ध्या वेळेला तो खायचाच नाही. डब्याच्या कडेकडेने फिरत राहायचा, झाकणाच्या फटीत नाक घासायचा, उंदीर शेजारी पडलेला पण त्याचं लक्षच नाही. बॉल पायथन हट्टी असतात, महिनोन् महिने उपाशी राहू शकतात हे मला माहीत होतं म्हणून मी ते त्याच्या स्वभावावर ढकललं. खरं म्हणजे ज्या जनावराला बिळात अंग चारी बाजूंनी टेकवून बसलं की सुरक्षित वाटतं, त्याला मी दर वेळी उघड्या, थंड, गुळगुळीत डब्यात टाकत होते आणि वर अपेक्षा की त्याने निवांत जेवावं.

मग एकदा त्याने खाल्लं, पटकन खाल्लं, मी खूश होऊन दहा मिनिटांत त्याला उचललं. पोटाचा फुगवटा हाताला लागत होता, मधेच त्याने जोरात आळोखेपिळोखे दिले, कसाबसा टाकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी रात्री खोलीत शिरले आणि वासानेच कळलं काहीतरी झालंय. टाकीच्या थंड बाजूला उंदीर ओकून टाकलेला, डोक्याकडचा भाग पार विरघळलेला, केस गेलेले, आणि मागचे पाय आणि शेपूट मात्र जसंच्या तसं, कारण साप डोक्याकडून गिळतो त्यामुळे पचायला सुरुवातही तिथूनच होते. गोळू कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला, तोंड खाली दाबलेलं. टाकीचं तापमान तपासलं, गरम बाजू ३२ अंश, बरोबर होती. उंदीरही नेहमीच्याच मापाचा, त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. वेगळं झालं होतं ते एवढंच, की भरल्या पोटी मी त्याला उचललं आणि तो धडपडला.

सापासाठी ओकणं म्हणजे आपल्यासारखं पोट बिघडलं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं असं नसतं. पोटातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका भाजून निघते, अंगातलं पाणी जातं. दोन आठवडे मी त्याला काही दिलं नाही, नंतर अगदी लहान उंदरापासून परत सुरुवात केली आणि ते दिवस मी फार काळजीत काढले.

त्यानंतर मी वाचायला बसले. पायथन खाल्ल्यावर नुसता पडून असलेला दिसतो पण आत केवढं काम चालू असतं ते वाचून थक्क झाले, म्हणजे बर्मीज पायथनवरच्या २००५ सालच्या संशोधनात मोठं जेवण झाल्यावर ४८ तासांत हृदयाचा स्नायू तब्बल ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला होता, आतडंही खाल्ल्यावर जाड होतं, उपाशीपणी जवळजवळ बंद असलेलं पोट आम्ल तयार करायला लागतं. सगळं शरीर कामाला लागलेलं असतं आणि नेमकं तेव्हा आपण त्याला उचलतो!

आता चावण्याचं. साप जागा बघून ठरवत नाही की आता खायचं, तो वास, ऊब आणि हालचाल यांवर ठरवतो. जीभ हवेतला वास गोळा करून टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेते, आणि गोळूसारख्या पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खड्डेही असतात. उंदराचा वास असलेला गरम हात समोर आला तर तो टाकीत काय आणि डब्यात काय, झडप घालणारच. उलट डब्याच्या पद्धतीत आपण सगळ्यात चुकीच्या वेळी हात घालतो, कारण उंदीर गिळून झाला तरी डोक्यातली शिकार संपलेली नसते. माझा कॉर्न स्नेक, मका, खाऊन झाल्यावर चांगला अर्धा तास दुसरा उंदीर शोधत फिरतो, मान ताठ, जीभ भराभर आत-बाहेर, त्या अर्ध्या तासात मी त्याला हात लावणार नाही म्हणजे नाही.

टाकीचं दार फक्त खाण्यासाठीच उघडत असेल तर साप दार म्हणजे जेवण असं शिकतो, हे मात्र खरं आहे. पण त्यावर उपाय साधा आहे, दार रोज उघडा. पाणी बदला, घाण काढा, काही न देता बंद करा. आणि बाहेर काढायच्या आधी हुकने, म्हणजे साप उचलायच्या वाकड्या टोकाच्या काठीने, अंगाला हळूच स्पर्श करा, डोक्याला नाही, मधल्या वेटोळ्याला. मी रोज तेच करते. गोळूची मान आधी इंग्रजी एससारखी वळलेली असते, हुक लागला की दोन सेकंदांत ती सैल पडते आणि जीभ संथ, लांब लांब बाहेर यायला लागते, मग मी हात घालते. टाकीत खायला द्यायला लागल्यापासून तो मला एकदाही चावलेला नाही.

टाकीत खायला दिलं तर खाली अंथरलेला भुसा पोटात जाईल अशी भीती बरेच जण घालतात. चार-दोन कण गेले तर निरोगी साप ते बाहेर टाकतो, जंगलात तो काय ताटात जेवतो का. तरी काळजी घेता येते, उंदीर ओला देऊ नका, टिपून कोरडा करा, खाली एखादी सपाट फरशी ठेवा.

बाहेर खायला देण्याची खरी गरज मला एकाच ठिकाणी दिसते, एका टाकीत एकापेक्षा जास्त साप असतील तर, जसं काही जण गार्टर स्नेक एकत्र ठेवतात. दोघांनी एकच घास दोन टोकांनी धरला तर एकाच्या पोटात दुसराही जाऊ शकतो, तिथे वेगळं करायलाच हवं. किंगस्नेक तर एकत्र ठेवूच नयेत, ते साप खातातच. आणि मोठे बोआ, पायथन असतील तर जेवणाच्या वेळी त्यांना इकडून तिकडे हलवणं सरळसरळ धोक्याचं आहे, टाकीतच द्या आणि खोलीत दुसरं माणूस असू द्या.

माझी आताची पद्धत अशी, गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही कारण तो आतून शिजतो आणि फुटतो. हाताला कोमट लागला की कोरडा करून हातभर लांब चिमट्याने द्यायचा, दार लावायचं, खोलीतला दिवा घालवायचा. पुढचे ४८ तास हात लावायचा नाही, पाणी सोडून.

टाकीत पहिल्यांदा दिलं तेव्हा गोळू बिळात होता, नाकाचं टोक तेवढं बाहेर. चिमटा अर्ध्यावर पोचला नसेल तोच त्याने उंदीर घेतला आणि दोन वेटोळ्यांत आत ओढून नेला. मी दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकत होते, भुशाची बारीक खसखस, मग शांत. वीस मिनिटांनी नाक परत बाहेर आलं, त्याने दोनदा मोठा आ वासून जबडा जागेवर बसवला आणि आत निघून गेला. तो जुना डबा आता महिन्यातून एकदा वजन करायला लागतो, तेही जेवणाच्या आदल्या दिवशी, पोट रिकामं असताना.